भाजल्याच्या जुन्या व्रणावर न भरणारी जखम : ग्रोथ फॅक्टर जेल की पीआरपी?

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. माझे काका (वय ५९) लहानपणी गुऱ्हाळावर काईलीतली उकळती काकवी पायावर सांडून भाजले होते. तेव्हा ग्राफ्ट (दुसरीकडची कातडी लावणं) वगैरे काही झालं नाही, जखम आपोआपच भरली. पोटरीपासून घोट्यापर्यंतची कातडी अजून ताणलेली, चकाकणारी आहे. मधूनमधून तिथे चीर पडायची आणि आठ-पंधरा दिवसांत भरायची. दिवाळीत पडलेली चीर मात्र अजून उघडीच आहे. शुगर नॉर्मल. ड्रेसिंगवाल्यांनी ग्रोथ फॅक्टरचं जेल सुचवलंय, ओळखीतल्या एकांनी पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स काढून जखमेवर देतात ते). दोन्ही महाग आहेत. कोणतं घ्यावं?

आळशी_मुंगी :
सासूबाईंच्या मधुमेहाच्या जखमेवर पीआरपी केलं होतं. फरक पडला. नंबर हवा असेल तर विपूत (विचारपुशीत) लिहा.

उनाड_पेशी :
मुंगीताई, जरा थांबा. कृष्णाकाठ, जखमेच्या कडा कशा आहेत? आणि बायॉप्सी (तुकडा काढून तपासणी) झालीये का?

कृष्णाकाठ :
कडा जाड, वर आलेल्या. मध्ये लाल मांस वाढलंय, हात लागला की रक्त येतं. वासही आहे. बायॉप्सी नाही झाली. चाकू लावला की पसरतं असं गावात कोणीतरी काकांच्या डोक्यात भरवलंय.

उनाड_पेशी :
मग माझा सल्ला : जेल नको, पीआरपीही नको. आधी बायॉप्सी. मी पॅथॉलॉजीत काम करतो. फोटोवरून निदान करणार नाही, पण हे वर्णन ऐकून गप्पही बसणार नाही.

भाजल्याच्या जुन्या व्रणात होणाऱ्या कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात. ज्यां-निकोला मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये व्रणांवरच्या अशा जखमांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. बहुतेक वेळा तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर असतो. भाजल्यापासून तो दिसेपर्यंत सरासरी ३० वर्षं तरी जातात. म्हणूनच घरच्यांना दोन्हींचा संबंध लागत नाही. असे बहुतेक व्रण आयुष्यभर काही त्रास देत नाहीत, हेही खरं. धोका जास्त कुठे, तर ग्राफ्ट न करता भरलेल्या आणि पुन्हा पुन्हा फाटणाऱ्या व्रणात.

असं का होतं? जखम भरायची तर कडेच्या पेशींना भराभर विभागावं लागतं, जागा सोडून सरकावं लागतं, नव्या रक्तवाहिन्या बोलवाव्या लागतात. कॅन्सरची पेशी नेमकं हेच करते. बॉस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये कॅन्सरची गाठ आणि जखम यांची तुलना केली, तेव्हा त्यांना दोन्हीकडे तीच यंत्रणा दिसली. फरक इतकाच की जखमेचं काम संपतं, गाठीचं संपत नाही. काकांच्या पायावर हे काम जवळजवळ पन्नास वर्षं चालू-बंद होतंय. प्रत्येक विभागणीत डीएनएची नक्कल होते आणि एखादी चूक राहून जाते. त्यात कायमची सूज. शिवाय व्रणात लसीकावाहिन्या (रोगप्रतिकारक पेशींची ये-जा होते त्या नळ्या) तुटक असल्याने रोगप्रतिकारक पेशींचा पहाराही ढिला.

आता तुमचं जेल. त्यातला ग्रोथ फॅक्टर पेशींना ‘वाढा’ एवढंच सांगतो, कोणत्या पेशींना ते त्याला कळत नाही. बेकाप्लर्मिन या अशाच जेलवर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २००८ मध्ये कॅन्सरबाबत ठळक इशारा छापायला लावला होता. पुढची माहिती पाहून २०१८ मध्ये तो काढला. पण लावायच्या जागी गाठ असेल तर वापरू नये, ही सूचना कायम आहे. मुंगीताईंच्या सासूबाईंची जखम निराळी होती, तिथे पीआरपी करण्यात गैर काही नाही.

टिळकनगरी :
शंका. भावाने वहिनीला यकृताचा मोठा भाग दिला. त्याचं यकृत काही महिन्यांत पुन्हा वाढलं. मग त्यालाही धोका का?

उनाड_पेशी :
नाही, निर्धास्त राहा. निरोगी यकृत गरजेपुरतं वाढतं आणि थांबतं. हिपॅटायटिस बी, सी किंवा दारूने सिरोसिस झालेलं यकृत मात्र वर्षानुवर्षं मरतं आणि पुन्हा उगवतं, म्हणून अशा रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात. सॅलॅमँडर (सरड्यासारखा दिसणारा, बेडकाच्या जातकुळीतला प्राणी) तर तुटलेला अख्खा पाय परत उगवतो आणि त्याला कॅन्सर क्वचितच होतो. घातक आहे ती कधीच न संपणारी डागडुजी.

बोरीचा_बार :
आपल्याकडचं उदाहरण राहिलं की. टाटा मेमोरियलचे डॉ. खानोलकर यांनी १९४५ मध्ये ‘धोतराचा कॅन्सर’ नोंदवला होता. घट्ट धोतराने कमरेवर त्याच जागी वर्षानुवर्षं घासून होणारा. साडीच्या नाडीनेही झाल्याच्या नोंदी मुंबईतून आल्या आहेत. काश्मिरात कांगडीने (ऊब घ्यायला अंगाशी धरायची निखाऱ्यांची शेगडी) पोटामांड्यांवर होतो. आमच्या आजीच्या कमरेला काळा पट्टा होता, सगळे म्हणायचे नाडीचा वळ. एवढंच.

कृष्णाकाठ :
वाचून पोटात गोळा आला. काकांना तयार कसं करू? आणि दाखवायचं कोणाला?

उनाड_पेशी :
प्लास्टिक सर्जन किंवा कॅन्सर सर्जन. सरकारी मेडिकल कॉलेजची सर्जरी ओपीडीही चालेल. बायॉप्सीने पसरत नाही, हे त्या डॉक्टरांच्याच तोंडून काकांना ऐकू दे. पुतण्यापेक्षा त्यांचं ऐकतील. तुकडे कडेचे आणि मधले, दोन-तीन ठिकाणचे घ्यायला सांगा. अशा जखमेत एकच तुकडा चकवू शकतो. जांघेत गाठ लागते का तेही तपासून घ्या. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि तरी जखम भरली नाही, तर पुन्हा बायॉप्सी मागा. पॉझिटिव्ह आला तर हा प्रकार त्वचेच्या साध्या कॅन्सरपेक्षा आक्रमक असतो, त्यामुळे ऑपरेशन लांबवू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशन्स होतात, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. स्लाइड (तुकड्याच्या काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) लॅबमधून मागून घ्या, दुसरं मत घ्यायला तेच लागतात.

आळशी_मुंगी :
पीआरपीचा सल्ला मागे घेते. काकांना सांगा, माझ्या वडिलांच्या गालावरची बायॉप्सी भूल देऊन दहा मिनिटांत झाली, घरी येऊन जेवले.

कृष्णाकाठ :
सोमवारी ओपीडीला नेतोय. काकूंना आधी पटवलंय, आता काकांची काय टाप.