किडनीच्या रुग्णांनी लोहाला भ्यायचं का?

रेवा_क
कोलंबिया विद्यापीठातल्या ब्रेंट स्टॉकवेल यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली एका पेशीमृत्यूला ‘फेरोप्टोसिस’ हे नाव दिलं. पेशीतलं मोकळं लोह तिच्या आवरणातली स्निग्धाम्लं खवट करत नेतं आणि आवरण फुटतं. जीपीएक्स४ हे विकर (एन्झाइम) त्याला आवर घालतं. २०१४मध्ये उंदरांतलं हे विकर काढलं, तर किडनी बंद पडून ते मेले. तरी दीर्घकालीन किडनीविकारात आपण फक्त साखर आणि रक्तदाबाबद्दल बोलतो, वर त्याच रुग्णांना शिरेतून लोह देतो. मला हे पटत नाही.

डायलिसिसवाला
रेवाताई, लोह बंद करा असं कुणी यातून समजलं तर घात होईल. ॲनिमियाने हे लोक जिना चढू शकत नाहीत. ब्रिटनमधल्या पिव्होटल चाचणीत डायलिसिसवरच्या २,१४१ रुग्णांपैकी ज्यांना लोह कमी पडायची वाट न पाहता जास्त लोह दिलं, त्यांच्यात मृत्यू आणि हृदयविकाराच्या घटना मिळून कमीच झाल्या. आणि तुमचे उंदीर अचानक किडनी गेलेले. वर्षानुवर्षं झिजणाऱ्या किडनीशी त्यांचा काय संबंध?

रेवा_क
संबंध आहे. मार बसलेल्या नलिकापेशी, म्हणजे किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशी, नीट भरून आल्या नाहीत की दाह चालू राहतो, मग व्रणासारखे तंतू साठतात. यात फेरोप्टोसिसचा ताण असतो हे उंदरांत दिसलंय. आणि पिव्होटलमधल्या रुग्णांच्या किडनीत वाचवण्यासारखं उरलं होतं किती? माझा प्रश्न किडनीविकाराच्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचा, म्हणजे डायलिसिसच्या आधीचा आहे.

नलिनी_पॅथॉलॉजी
त्या टप्प्यावरही चाचण्या झाल्यात. रिव्होक चाचणीत शिरेतलं लोह आणि गोळ्या, दोन्ही गटांत किडनीची घसरण सारखीच होती. मात्र शिरेतल्या गटात संसर्ग आणि हृदयाचे त्रास वाढले, म्हणून चाचणी लवकर थांबवली. म्हणजे जपून द्यायला कारण आहे, पण ते फेरोप्टोसिस नव्हे. सलाइनमधलं लोह साखरेच्या वेष्टनात असतं, ते आधी भक्षकपेशी गिळतात. नलिकापेशीतल्या मोकळ्या लोहाचा हिशोब वेगळा. दोन्ही एकत्र करू नका.

डायलिसिसवाला
अगदी. आणि बार्डोक्सोलोन आठवा. किडनीविकारासाठीचं औषध, अशा खवट होण्याविरुद्धची पेशीची संरक्षणयंत्रणा जागवणारं, कागदावर सुरेख. २०१२मध्ये त्याची बीकन चाचणी हृदय निकामी होण्याच्या घटनांमुळे थांबवावी लागली.

रेवा_क
एक औषध फसलं म्हणून यंत्रणा खोटी ठरत नाही. सलाइनचा मुद्दा मात्र मान्य, तो मी मागे घेते. पण बायोप्सीच्या तुकड्यांत या मृत्यूच्या खुणा तपासायला सुरुवात तरी करा. तुकडे तर तुमच्याच कपाटात आहेत, नलिनीताई.