‘झुकते माप’ की ‘पासंग’? न्यायाच्या तराजूतील शब्द

प्रश्न

आमच्या सोलापुरात न्यायालयाच्या आवारात असो, किंवा जमिनीच्या वाटणीची बोलणी चाललेल्या एखाद्या घरात असो, ‘कायदा आता बायकांना झुकते माप देतो’ हे वाक्य कानावर येतेच. मुलीला मुलाइतकाच हिस्सा मिळाला तर ते माप ‘झुकते’ कसे? आणि ज्या तरतुदी केवळ स्त्रियांसाठी आहेत, त्यांना तरी हा शब्दप्रयोग लागू पडतो का? ‘माप’, ‘पारडे’ आणि ‘पासंग’ या शब्दांच्या छटा जाणकारांनी उलगडून सांगाव्यात, ही विनंती.

उत्तर

ताई, ‘माप’ हे मुळात भांडे आहे. शेर, अधोली, पायली ही मापे. ज्वारी त्यांनीच मोजत असत, आणि नवी नवरी उंबऱ्यावर ओलांडते तेही माप भांडेच. भांडे शिगोशीग भरते, झुकत नाही. झुकते ते तराजूचे पारडे. या प्रयोगात मापणे आणि तोलणे अशा दोन क्रिया एकत्र झाल्या आहेत. अर्थ मात्र पक्का आहे: देणे असेल त्याहून थोडे अधिक देणे, आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीने. दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला झुकते माप देतो, पण त्यावर गिऱ्हाइकाचा हक्क नसतो. हक्काच्या गोष्टीला हा शब्द लावला की ऐकणाऱ्याच्या मनात ती उपकाराची होते, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मजात हिस्सेदार, केले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो हक्क विवाहित मुलींपर्यंतही पोहोचवला. आणि हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नाही यावर तो अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. येथे पारडी केवळ समपातळीवर आली. उलट बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली की तिची साडीचोळीवर बोळवण होते आणि तिच्या मोठ्या मनाचे कौतुक होते. अशा घरात झुकते माप कोणाच्या पदरात पडले, हे सातबारा वाचला की समजते.

केवळ स्त्रियांसाठी असलेल्या तरतुदींचा विचार करताना ‘पासंग’ हा शब्द हाताशी घ्यावा. तो फारसीतून आला असून त्यातील ‘संग’ म्हणजे दगड. मराठीत त्याला दोन अर्थ आहेत. रिकाम्या तराजूची दोन्ही पारडी सारखी राहत नसतील तर ‘काट्याला पासंग आहे’ असे म्हणतात. आणि तो फरक घालवण्यासाठी हलक्या बाजूला जे वजन बांधतात त्यालाही पासंगच म्हणतात. (‘पासंगालाही पुरणार नाही’ हा वाक्प्रचार या दुसऱ्या अर्थावरून आला.) दोष आणि दोषाचा उपाय या दोहोंना एकच शब्द आहे, आणि आपल्या विषयाला तो नेमका लागू पडतो. संविधानाच्या अनुच्छेद १५(३) ने स्त्रिया व बालके यांच्याकरिता विशेष तरतूद करण्याची राज्याला मुभा दिली, ती तराजू आधीपासूनच एका बाजूला कललेला होता म्हणून. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, बालपणी लग्न लावून दिलेल्या पतीकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ अशा आशयाचा आदेश दिला होता, तेव्हा तराजूचा काटा कोठे होता हे वेगळे सांगायला नको.

तथापि, केवळ स्त्रियांसाठी असलेली प्रत्येक तरतूद पासंगच असते असे नाही. भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ व्यभिचारासाठी पुरुषालाच शिक्षा देत असे, स्त्रीला नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५(३) चा आधार घेऊन ते वैध ठरवले. वरवर पाहता याहून झुकते माप दुसरे नसेल. पण पतीची संमती असेल तर गुन्हाच होत नसे, आणि तक्रारीचा हक्कही पतीचाच होता. म्हणजे पारड्यात स्त्री नव्हती, पतीची मालकी होती. २०१८ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरले, आणि मला तो निर्णय शब्दार्थाच्या दृष्टीनेही योग्य वाटतो.

आणखी एक उत्तर

तराजूबरोबर न्यायदेवतेच्या डोळ्यांवरच्या पट्टीचाही विचार व्हावा. समोर कोण उभे आहे हे न पाहता न्याय करणे, हा तिचा रूढ अर्थ युरोपातून आला. तेथेही १४९४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे छापलेल्या एका चित्रात मूर्ख माणूस न्यायदेवतेचे डोळे बांधताना दिसतो, म्हणजे तेथे पट्टीतून टीका व्यक्त झाली होती. निःपक्षपातीपणाचा अर्थ नंतर रुजला. मराठीत ‘डोळ्यांवर पट्टी बांधणे’ म्हणजे समोरचा अन्याय जाणूनबुजून न पाहणे, आणि त्यामागे गांधारीची आठवण आहे. नवऱ्याने मारहाण केलेली स्त्री न्यायालयात उभी राहते तेव्हा ‘न्यायदेवतेला काही दिसत नाही’ हे वाक्य तिला धीर देणारे नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या ग्रंथालयात बसवलेल्या न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीचे डोळे उघडे आहेत. डाव्या हातात तलवारीऐवजी संविधान आहे आणि उजव्या हातात तराजू तसाच आहे. मराठी कानाला हीच प्रतिमा अधिक जवळची वाटावी.

पुन्हा मूळ प्रश्नाकडे

इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून ‘पासंग’ तरुणांच्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे, त्यामुळे अर्जात किंवा बातमीत तो वापरला तर अनेकांना कळणार नाही. तेथे संविधानाचाच ‘विशेष तरतूद’ हा शब्द लिहावा. ‘सवलत’ आणि ‘झुकते माप’ हे दोन्ही टाळावेत. ‘काट्याला पासंग आहे’ हा प्रयोग बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट भागात अजून कोणाच्या तोंडी असेल, तर तो कोणत्या अर्थाने वापरतात, हे तेथील वाचकांनी येथे जरूर नोंदवावे.