पिकअपच्या गिअरबॉक्सची घरघर, शोरूमवाले दाद देत नाहीत – मदत हवी आहे

भाऊहो, डिझेल पिकअप आहे, मागच्या चाकांना ड्राइव्ह, ५ गिअर. यवतमाळ जिल्ह्यात कापूस-सोयाबीनची वाहतूक. ओव्हरलोड नाही, पहिला प्रश्न तोच येईल म्हणून आधीच सांगतो.

गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला: घरघर. क्लच दाबला की बंद. म्हणजे क्लचचं रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर ज्यावर जोर येतो ते) नसावं, ते असतं तर दाबल्यावर आवाज आला असता. चालताना पहिल्या तीन गिअरमध्ये लोडवर आवाज वाढतो, पाचव्यातही येतो, चौथ्यात मात्र जवळपास गायब. चौथा डायरेक्ट आहे, म्हणजे इंजिनची ताकद सरळ पुढे जाते; त्यात लेशाफ्टवर (गिअरबॉक्समधला बाजूचा, समांतर फिरणारा शाफ्ट) लोड येत नाही, म्हणून मला लेशाफ्टच्या बेअरिंगचा संशय. गिअर पडताना खरखर नाही. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच बदललं, लेव्हल बरोबर, फरक शून्य. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक चुरा होता, तुकडे नव्हते.

वॉरंटी चालू आहे. शोरूमवाले आधी ‘नॉर्मल आवाज’ म्हणाले, आता म्हणतात अख्खी असेंब्ली बदला, तीही तुमच्या खर्चानं. उघडून न पाहताच! जॉबकार्डावर माझी तक्रार ‘जनरल चेकअप’ म्हणून लिहिली, लेखी नकार देत नाहीत. गावातला मिस्त्री खोलायला तयार आहे, पण मग वॉरंटीचं काय? कापसाच्या हंगामात गाडी फार दिवस उभीही ठेवता येत नाही.

लेशाफ्ट आणि इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा) यांपैकी नेमकं कोणतं बेअरिंग, हे न खोलता पक्कं करता येतं का? आणि लेखी नकारासाठी आधी कंपनीला ईमेल करावा की थेट ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकावी?