मदत हवी आहे: घुमटाचं कातडं कोण चढवून देईल?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. घरच्या घुमटाचं, म्हणजे आरतीला वाजवतात त्या मातीच्या मडक्याच्या वाद्याचं, कातडं सैल पडलंय. मडकं मात्र शाबूत आहे: जुनं, हाताने घडवलेलं, काठाशी कुंभाराच्या बोटांच्या खुणा अजून दिसतात. लहान तोंडावर तळवा ठेवून उघडझाप केली की जो खोल नाद घुमतो, तो मला बाजारातल्या फायबरच्या घुमटात मिळत नाही. म्हणून नवीन घ्यायचं नाही, हेच दुरुस्त करायचंय.

ऊन दाखवलं, निखाऱ्यावर लांबून शेकलं. आरतीपुरतं ताणतं, पावसाळी हवेत पुन्हा ढिलं पडतं. दोरी आवळून पाहिली, पण कातडं काठापाशी विरलंय. घोरपडीचं कातडं कुणी सुचवू नका. वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि आम्हालाही ते नकोच. बकऱ्याचंच हवं.

२०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य जाहीर केलं, पण ते दुरुस्त करणारा कारागीर शोधताना दमछाक होते. डिचोलीत विचारलं, तिथे मडकी मिळतात, कातडं चढवणारे भेटले नाहीत. चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) काम व्हायला हवं. पेडणे ते काणकोण कुठेही घेऊन येईन, मजुरी ते सांगतील ती.

बकऱ्याचं कातडं चढवणारा जाणता कारागीर कुठल्या गावात आहे, आणि दमट हवेत ताण टिकायला कातडं किती पातळ घ्यावं?