मदत हवी आहे: ओढ्यात पडलेलं झाड एचओएला (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेला) तोडू द्यायचं नाही (रेडमंड, वॉशिंग्टन)

नमस्कार मंडळी. आमच्या घरामागून बेअर क्रीकला मिळणारा एक लहानसा ओढा वाहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात समुद्रातून परतलेले कोहो सामन मासे अंडी घालायला तिथवर येतात. वादळात एक जुनं सीडर त्यात आडवं झालं, आणि आता ते कापून ओढा साफ करायचा असं एचओएच्या बैठकीत चाललंय. मला ते वाचवायचंय.

माशांची वाट अडते म्हणून पूर्वी सरकारी खात्यांनीच इथल्या ओढ्यांतले असे ओंडके उपसून काढले. आज तीच खाती पैसे मोजून ओंडके परत टाकतात, काही ठिकाणी चक्क हेलिकॉप्टरने! ओंडक्यापाशी पाणी मंदावतं, खडी साठते, शेजारी डोह खणला जातो. मादी शेपटीने खडी उकरून अंडी घालते, आणि त्या खडीत गाळ बसला की अंडी गुदमरतात. पिल्लं साधारण वर्षभर गोड्या पाण्यातच राहतात. ऑगस्टमध्ये ओढा आटला की डोहाशिवाय त्यांना आसरा नाही.

पण शेजाऱ्यांना पुराची धास्ती आहे आणि ती रास्तच आहे. त्यांना कसं समजवावं? कुणी आपल्या एचओएत असं काही पटवून दिलंय का?

काठावर हिमालयन ब्लॅकबेरीचं (बाहेरून आलेल्या, झपाट्याने पसरणाऱ्या काटेरी झुडपाचं) रान माजलंय. ते एकदम काढलं तर माती सुटेल का?

शिवाय पार्किंगचं पाणी थेट ओढ्यात उतरतं. टायरमधल्या रसायनापासून बनणारं सिक्सपीपीडी-क्विनोन कोहोंना काही तासांत मारतं, हे 2020 मध्ये सिद्ध झाल्यापासून मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

प्रतिसाद:
झाड मुळांसकट पडलंय का? बुंध्याला मुळं असतील आणि लांबी पात्राच्या रुंदीहून बरीच जास्त असेल, तर ते सहसा जागचं हलत नाही. बैठकीत हे आधी सांगा: पात्रातलं झाड काढायलाही राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याची परवानगी लागते. ब्लॅकबेरी टप्प्याटप्प्याने, गड्ड्यांसकट काढा. मोकळ्या जागी हिवाळ्यात विलोच्या फांद्या खोचा, ओल्या मातीत त्या सहज मुळं धरतात. पार्किंगचं पाणी माती-कंपोस्टच्या रेन गार्डनमधून (पावसाचं पाणी मुरवणाऱ्या खोलगट वाफ्यातून) जिरवा. असं गाळलेलं पाणी कोहोंना सोसतं, हे प्रयोगांत दिसलंय. किंग कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट या इथल्या जमीन-पाणी संवर्धन संस्थेचे लोक जागेवर येऊन सल्ला देतात, बैठकीआधी त्यांना बोलवा.

धागाकर्ती:
मुळं शाबूत आहेत! उद्याच त्यांना फोन करते. रेन गार्डन उतारावर करता येतं का?