विशेषण उपवाक्य ओळखताना ‘दॅट’पाशी अडलो आहे, मदत हवी

नमस्कार. मी डिचोलीला राहतो. चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पाचवीत इंग्रजी माध्यमात गेल्यामुळे इंग्रजी व्याकरण मी आजही मनात मराठी करूनच सोडवतो. सध्या दहावीतल्या भाचीचा अभ्यास घेतो आहे.

नामानंतर लगेच ‘हू’, ‘विच’ किंवा ‘दॅट’ आले की ते विशेषण उपवाक्य (म्हणजे त्या नामाबद्दल अधिक सांगणारे उपवाक्य), एवढ्या भांडवलावर आजवर निभावले. परवा सराव पेपरात पुढील दोन वाक्ये आली:

‘द न्यूज दॅट वी हर्ड वॉज फॉल्स.’
‘द न्यूज दॅट द फेरी हॅड स्टॉप्ड वॉज फॉल्स.’

दोन्हींना आम्ही विशेषण उपवाक्य म्हटले. शिक्षकांनी दुसऱ्यावर फुली मारून शेजारी ‘नाम उपवाक्य’ एवढेच लिहिले. कारण विचारायला गेलेल्या भाचीला ‘पाठ कर’ असे उत्तर मिळाले.

मराठी करून पाहिल्यावर मला एक फरक जाणवतो. पहिल्याचे ‘जी बातमी आम्ही ऐकली ती खोटी होती’ असे सरळ होते. दुसऱ्याचे मात्र ‘फेरीबोट बंद पडली ही बातमी खोटी होती’ असेच करावे लागते, तिथे ‘जी-ती’ बसतच नाही. ही कसोटी भाचीला बिनधास्त शिकवावी का?

प्रतिसाद

आपली कसोटी ‘दॅट’पुरती चांगली आहे, पण तिचे कारण इंग्रजी वाक्यातच दाखवावे. ‘वी हर्ड’ एवढेच वाचले तर काय ऐकले ते कळत नाही. ‘हर्ड’च्या कर्माची रिकामी जागा ‘दॅट’ भरतो, म्हणून तिथे ‘विच’ चालतो आणि ‘द न्यूज वी हर्ड’ असा ‘दॅट’ गाळताही येतो. ‘द फेरी हॅड स्टॉप्ड’ मात्र स्वतःच पुरे वाक्य आहे. त्याच्या आधीचा ‘दॅट’ केवळ जोडणारा असून तिथे ‘विच’ घालता येत नाही. ते उपवाक्य बातमीचा मजकूरच सांगते, म्हणून ते नाम उपवाक्य.

‘वेअर’ला मात्र मराठीवर विसंबू नका. ‘वेट वेअर द बस स्टॉप्स’ याचे ‘जिथे बस थांबते तिथे थांब’ असे सुरेख मराठी होते, तरी ‘वेअर द बस स्टॉप्स’ हे क्रियाविशेषण उपवाक्य (थांबण्याच्या क्रियेची जागा सांगणारे) आहे, कारण ‘वेअर’च्या आधी नामच नाही. ‘वेट अ‍ॅट द कॉर्नर वेअर द बस स्टॉप्स’ म्हटले की ‘कॉर्नर’ हे नाम येते आणि तेच उपवाक्य विशेषण होते.