अनुभव धागा: बालगंधर्वची तिसरी घंटा

२६ जून जवळ आला म्हणून हा धागा काढतेय. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली याच तारखेला सुरू झालं, नारायणराव राजहंसांची, म्हणजे बालगंधर्वांची, जयंतीही हीच. तुमची तिथली एखादी आठवण लिहा, अगदी छोटी असली तरी चालेल, नाटकाचं नाव विसरला असाल तरी चालेल.

सुरुवात मी करते. सातवीत असताना आजी मला संगीत नाटकाला घेऊन गेली. आत शिरल्या शिरल्या ती देऊसकरांनी काढलेल्या बालगंधर्वांच्या चित्रांपाशी थांबली, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. म्हणाली, दोन्ही तेच आहेत गं. मला काही केल्या पटेना. तिने चपला काढून नमस्कार केला आणि मग सांगितलं की १९६२ ला पायाभरणी त्यांच्याच हातून झाली, पण रंगमंदिर उघडायच्या अकरा महिने आधी ते गेले. त्या दिवशीच्या नाटकातलं आज एक पद आठवत नाही, आजीचे अनवाणी पाय मात्र आठवतात.

०००

पायाभरणी झाली तेव्हा पानशेतचं धरण फुटून सव्वा वर्ष झालं होतं. आमचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड त्या पुरात गेलं, दोन खोल्या आणि त्यात होतं नव्हतं ते सगळं. त्यामुळे नदीकाठी नाट्यगृह होणार हे ऐकून वडील भयंकर चिडले, आधी माणसांना घरं द्या म्हणायचे. पुढे थिएटर सुरू झालं तेव्हा कोणीतरी दोन तिकिटं दिली म्हणून मला सायकलवर डबलसीट घेऊन जंगली महाराज रस्त्याने गेले, तेही कुरकुरतच. पडदा वर गेला आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला तो अंक संपेपर्यंत सोडलाच नाही. घरी येताना लकडी पुलावर म्हणाले, बरं झालं बांधलं. एवढंच. आता मी पंचाहत्तरीत आहे, अजून तो पूल ओलांडताना ते वाक्य ऐकू येतं.

०००

वरचं वाचून डोळे भरले काका.
माझी आठवण स्टेजवरची आहे, डान्स क्लासचं गॅदरिंग होतं, मी नऊ वर्षांची. विंगेत आई माझ्या ब्लाऊजला तुटलेल्या हुकाच्या जागी सेफ्टी पिन लावत होती, तिच्या तोंडात अजून दोन पिना, आणि घंटा झाली. स्टेजवर गेले तर लाइटमुळे समोर सगळं काळं, फक्त पहिल्या दोन रांगांमधले चष्मे चमकत होते. त्यातला बाबांचा कुठला ते शोधत नाचले. पिन शेवटपर्यंत टिकली!

०००

आम्ही सोसायटीतल्या अकरा जणी फक्त महिलांसाठी असलेल्या लावणीच्या प्रयोगाला गेलो होतो. माझ्या सासूबाई कधी मोठ्याने हसल्याही नव्हत्या, त्यांनी दुसऱ्याच लावणीला अशी शिट्टी मारली की पुढची रांग वळून बघायला लागली. लहानपणी गुरं राखताना शिकले म्हणाल्या. मध्यंतरात बटाटेवडा खाताना आम्ही सगळ्या त्यांच्याकडून शिट्टी शिकत होतो, एकीलाही जमली नाही.

०००

मी बॅकस्टेजला होतो काही वर्षं. रविवारी दुपारचा प्रयोग सुटला की आमचा सेट बाहेर आणि संध्याकाळच्या नाटकाचा आत, एकाच दारातून, जेवायलाही फुरसत नसायची. घंटा द्यायचं काम माझ्याकडे होतं. एकदा तिसरी द्यायची वेळ झाली आणि सवयीने पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर एक आजोबा काठी टेकत हळूहळू येत होते, आजींनी दंड धरलेला, रांगेतली माणसं उठून वाट देत होती. मागून मॅनेजर ओरडत होते, अरे दे ना, दे ना. मी थांबलो. आजोबा बसले, काठी पायाशी आडवी ठेवली, आजींनी पिशवीतून चष्मा काढून त्यांना दिला.

मग दिली.